हातचा एक

एके काळी बहुतेक मराठी ब्लॉगांच्या तळाशी एक आकडा असायचा. काळ्या पट्टीवर पांढरे अंक आणि खाली 'आपण इतकावे वाचक आहात' अशी ओळ. २००५-०६ च्या सुमारास लिहायला लागलेल्या मंडळींना आठवत असेल. प्रतिक्रिया येवो न येवो, तो आकडा मात्र दिवसातून चार वेळा बघितला जायचा. (त्या चारातले तीन वाचक आपण स्वतःच असायचो, ही गोष्ट वेगळी.)

असल्या आकड्यात एक मिळवणं ही तशी पहिलीच्या पोराची गोष्ट. बाराशे सत्तेचाळीसात एक मिळवला की बाराशे अठ्ठेचाळीस. पण याच बेरजेवर संगणकशास्त्राने साठ वर्षं घालवली आहेत आणि अजूनही ती नीट व्हायची असेल तर डोकं शांत ठेवूनच करावी लागते. माझं पोट याच धंद्यावर चालतं, त्यामुळे हा विषय बरेच दिवस मनात होता. आज लिहून टाकतो. घरच्या मंडळींनी घाबरू नये, गणित पहिलीच्या पुढे जाणार नाही.

आधी अडचण काय ती सांगतो. संगणकाला 'एक मिळव' म्हटलं की तो तीन कामं करतो. आकडा वाचतो, त्यात एक मिळवतो, नवा आकडा लिहून ठेवतो. सुरुवातीच्या वेबसाइटांवर हा आकडा एका साध्या फायलीत ठेवलेला असे. पाहुणा आला की एक छोटा प्रोग्राम जागा होई, फाइल उघडे, ही तीन कामं करी आणि झोपी जाई. आता समजा दोन पाहुणे एकदमच आले. पहिल्याच्या प्रोग्रामने १२४७ वाचले. तो लिहिणार तेवढ्यात दुसऱ्याच्या प्रोग्रामनेही १२४७ च वाचले. दोघांनी आपापला एक मिळवला आणि दोघांनी १२४८ लिहिले. माणसं दोन आली, आकडा एकानेच वाढला.

यातली वाईट गोष्ट अशी की कुठेही काही मोडत नाही. चुकीचा संदेश नाही, लाल दिवा नाही. दोन्ही प्रोग्राम आपापल्या जागी बरोबर असतात. शाळेत हातचा एक विसरला तर बाई निदान लाल शाईने गोल करायच्या. इथे हातचा कुठे गेला हे विचारायलाही कुणी नसतं.

ब्लॉगचा एक वाचक गळला म्हणून आभाळ कोसळत नाही. पण हीच गोष्ट उलट्या बाजूने घडते तेव्हा काय होतं ते मी आमच्याच नात्यात पाहिलं आहे. एका संस्थेने मोतीबिंदूच्या मोफत शस्त्रक्रियांचं शिबिर ठेवलं होतं. जागा मोजक्या, नावनोंदणी इंटरनेटवर. आमच्या एका आजींचं नाव त्यांच्या नातवाने घातलं, 'आपली जागा निश्चित झाली आहे' असा संदेशही आला. आजी पहाटेच्या एसटीने सातारा जिल्ह्यातल्या गावाहून निघाल्या, उपाशीपोटी, कारण तसंच सांगितलेलं. दारात गेल्यावर कळलं की यादी भरली. शेवटची जागा दोघांना मिळाली होती. दोघांनी एकाच क्षणी नोंदणी केली, दोघांनाही संगणक म्हणाला 'एक जागा शिल्लक आहे'. दुसऱ्या बाईंचं नाव कागदावर आधी होतं, एवढंच. शिबिर भरवणारी माणसं चांगली होती, त्यांनाही वाईट वाटलं. आजी एवढंच म्हणत राहिल्या, "अरे पण मशीनमधी माझा नंबर होता ना?"

होता. तीच तर अडचण.

या अडचणीला शास्त्राच्या भाषेत नेमकं मांडलं ते नेदरलँड्समधल्या एड्सगर डायक्स्ट्रा यांनी, १९६५ साली. त्यांचा लेख जेमतेम पानभराचा आहे. अनेक यंत्रं एकाच वेळी काम करत असताना एका ठरावीक कामात एका वेळी एकानेच शिरावं, बाकीच्यांनी बाहेर थांबावं, हे कसं साधायचं, असा त्यातला प्रश्न. दोन यंत्रांपुरतं उत्तर डेकर नावाच्या त्यांच्या देशबंधू गणितज्ञाने आधी शोधलं होतं, डायक्स्ट्रांनी ते कितीही यंत्रांना लागू पडेल असं केलं. त्याच सुमारास त्यांनी आणखी एक साधन दिलं आणि त्याला नाव ठेवलं 'सेमाफोर'. हे नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेलं. पूर्वी आपल्याकडच्या स्टेशनांबाहेर हात वर-खाली करणारे जे खांब असत, तेच ते. हात आडवा असेल तर गाडीने थांबायचं.

गंमत म्हणजे हा सेमाफोर आतून असतो एक आकडाच. आत जाताना त्यातून एक वजा करायचा, बाहेर येताना एक मिळवायचा. म्हणजे आकडा नीट मोजता यावा म्हणून जे साधन काढलं, तेच मुळात मोजणीचं. मग या आकड्याची राखण कोण करणार? शेवटी कुठेतरी असं एक पाऊल लागतंच जे अर्धवट होऊच शकत नाही. ते यंत्र बनवणाऱ्यांनी लोखंडातच घातलं. आयबीएमच्या १९६४ साली जाहीर झालेल्या सिस्टीम ३६० मध्ये 'टेस्ट अँड सेट' नावाची आज्ञा होती. वाचणं आणि लिहिणं दोन्ही एका दमात, मध्ये कुणालाही घुसता यायचं नाही. १९८९ च्या इंटेल ४८६ चिपमध्ये तर 'अदलाबदल करून मिळव' अशी थेट बेरजेचीच आज्ञा आली. असल्या न तुटणाऱ्या कामाला 'अॅटॉमिक' म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'ज्याचे तुकडे होत नाहीत ते'. (खऱ्या अणूचे तुकडे माणसाने केलेच, पण शब्द टिकला.)

इथवर झाली एका यंत्राच्या पोटातली गोष्ट. माणसांच्या जगात हेच काम कसं चालायचं ते मला बाबांच्या बँकेमुळे चांगलं ठाऊक आहे. संगणक यायच्या आधीची ती बँक. पितळी टोकन, जाळीचं काउंटर आणि मांडीएवढी जाड लेजरं. प्रत्येक खात्याचं पान एकाच लेजरात. ते लेजर ज्या क्लार्कपुढे असेल तोच लिहिणार. दुसऱ्याला त्याच खात्याचं काम असेल तर तो उभा राहून "झालं का हो?" म्हणणार. डायक्स्ट्रांचं नावही न ऐकता ही माणसं त्यांचा नियम पाळत होती. आणि संध्याकाळी टॅली लागेना म्हणून बाबा चार आण्यांपायी रात्री नवाला घरी यायचे. आईला ते कधीच पटलं नाही. "खिशातून घाला की चार आणे," ती म्हणायची. बाबांचं उत्तर ठरलेलं असे, "चार आणे गेले याचं काही नाही गं. कुणाचे गेले ते कळायला हवं."

बँकांचा हाच धर्म संगणकात आणणाऱ्यांत सर्वांत मोठं नाव जिम ग्रे यांचं. १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात, आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत 'सिस्टीम आर' हा डेटाबेस तयार होत होता. तिथे ग्रे आणि सहकाऱ्यांनी 'ट्रान्झॅक्शन' या कल्पनेला शास्त्राचं रूप दिलं. व्यवहार पूर्ण होईल, नाहीतर मुळीच होणार नाही. अर्धा कधीच राहणार नाही. आणि व्यवहार चालू असताना त्याला लागणाऱ्या नोंदींना कुलूप. १९८१ च्या एका लेखात ग्रे यांनी म्हटलं आहे की ही कल्पना मुळात करारांच्या कायद्यातली आहे. म्हणजे माणसांनी ती आधीच शोधली होती, संगणकाने उचलली.

पण कुलूप म्हटलं की रांग आली. १९८५ साली ग्रे आणि मित्रांनी डेटाबेसांची शर्यत लावण्यासाठी एक कसोटी प्रसिद्ध केली. लेखकाच्या जागी नाव होतं 'अनामिक आणि इतर', तारीख १ एप्रिल! कसोटी साधी. गिऱ्हाईक पैसे भरतं किंवा काढतं. त्याच्या खात्यात फरक, रोखपालाच्या गल्ल्यात फरक आणि शाखेच्या एकूण शिलकेत फरक. खाती असंख्य, तिथे गर्दी होत नाही. पण शाखेची शिल्लक एकच, आणि प्रत्येक व्यवहाराला त्या एका आकड्याला हात लावावाच लागतो. सगळी बँक त्या एका ओळीपाशी तुंबते. अशा जागेला 'हॉट स्पॉट' म्हणतात. एसटी स्टँडवर गाड्या दहा असल्या तरी चौकशीची खिडकी एकच असते ना, तसं.

यावरची तोड मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आयबीएमचा आयएमएस हा डेटाबेस मुळात अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला जन्माला आलेला. पुढे बँकांसाठी त्याला 'फास्ट पाथ' नावाची जोड मिळाली. तिच्यात विचार असा होता की शाखेची शिल्लक वाचून, कुलूप लावून, नवी शिल्लक लिहायची गरजच काय? 'शिल्लक ५,०१० कर' असं सांगण्याऐवजी 'दहा वाढव' एवढंच सांगा. निकाल सांगू नका, फरक सांगा. फरक कुणाचा आधी आणि कुणाचा नंतर, याने बेरजेत काही बिघडत नाही. दहा आधी मिळवा की वीस आधी, उत्तर तेच.

न्यूयॉर्क विद्यापीठात ॲलन गॉटलिब आणि मंडळी १९८० च्या दशकात 'अल्ट्राकॉम्प्युटर' नावाचं यंत्र रचत होती, त्यांनीही हीच खुबी वापरली. दोन प्रोसेसरांच्या मागण्या वाटेत एका नाक्यावर भेटल्या, एक 'दोन मिळव' आणि एक 'तीन मिळव', तर नाका त्यांची एकच मागणी करून पुढे पाठवी, 'पाच मिळव'. मूळ आकडा दहा आहे असं उत्तर आलं की पहिल्याला दहा सांगे आणि दुसऱ्याला बारा. दोघांचंही समाधान, फेरी एकच.

मग १९८६ साली पॅट्रिक ओ'नील यांनी 'एस्क्रो' नावाची पद्धत मांडली. समजा शंभर जागा आहेत आणि दहा जण पाच-पाच मागताहेत. सगळे व्यवहार पार पडले तरी पन्नास उरतातच. मग त्यांनी एकमेकांसाठी का थांबायचं? प्रत्येकाचा वाटा बाजूला काढून ठेवा आणि जाऊ द्या. थांबवायचं ते फक्त शेवटी, जेव्हा मागणारे जास्त आणि उरलेलं कमी. हे वाचलं तेव्हा मला आजींची शेवटची जागा आठवली. भरपूर असताना कुणी कुणाचं काही घेत नसतो. भांडण लागतं ते शेवटच्या एकावर.

एवढं सगळं एका यंत्रावर किंवा एका छताखाली ठीक होतं. इंटरनेट वाढलं आणि एकाच आकड्यावर लाखो माणसं तुटून पडायला लागली. शिवाय यंत्रं वेगवेगळ्या शहरांत, मधली तार कधी तुटेल नेम नाही. २००० साली एरिक ब्रुअर यांनी एक अडचणीचं सत्य बोलून दाखवलं आणि २००२ मध्ये गिल्बर्ट आणि लिंच यांनी ते गणिताने सिद्ध केलं. तार तुटली असताना एकतर सगळीकडे एकच खरा आकडा ठेवा, नाहीतर प्रत्येकाला उत्तर द्या. दोन्ही एकदम मिळणार नाही.

काहींनी उत्तर देणं निवडलं. ॲमेझॉनने २००७ मध्ये आपल्या 'डायनामो' यंत्रणेवर लेख लिहिला, त्यात खरेदीच्या टोपलीबद्दल स्पष्ट कबुली आहे. टोपलीत टाकलेली वस्तू हरवता कामा नये, मग काढून टाकलेली एखादी वस्तू पुन्हा उगवली तरी चालेल. २००८ साली गुगलने 'ॲप इंजिन' खुलं केलं. तिथे एका नोंदीत सेकंदाला फार तर थोड्याच वेळा बदल करता यायचा. म्हणून सल्ला मिळे की आकडा फोडा. एकाऐवजी वीस आकडे ठेवा, येणाऱ्या प्रत्येकाला त्यांतला कुठला तरी एक द्या आणि एकूण हवी असेल तेव्हा वीसांची बेरीज करा.

आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. रेल्वेचं आरक्षण रजिस्टरात व्हायचं तेव्हा गाडीच्या जागा स्टेशनांना वाटून दिलेल्या असत. तुमच्या स्टेशनाचा कोटा संपेपर्यंत तुमच्या बाबूला कुणाला विचारावं लागत नसे. तोटाही सगळ्यांना ठाऊक होता. एका स्टेशनावर रांग आणि दुसऱ्याचा कोटा रिकामा.

२०११ साली मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी या वाटून मोजण्याला पक्कं गणित दिलं. प्रत्येक यंत्राने फक्त आपल्या रकान्यात लिहायचं, दुसऱ्याच्या रकान्याला हात लावायचा नाही. भेट होईल तेव्हा एकमेकांचे रकाने बघायचे आणि प्रत्येक रकान्यातला मोठा आकडा ठेवायचा. कितीही वेळा भेटा, कुठल्याही क्रमाने भेटा, शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच येतं. मात्र हे जमतं ते 'किती झाले' या प्रश्नाला. 'शेवटची जागा कुणाची' या प्रश्नाला नाही. बेरजेला क्रम लागत नाही, मर्यादेला लागतो. साठ वर्षांच्या या खटाटोपातून मला कळलेली एकच गोष्ट सांगा म्हणाल तर ही.

आता क्लाउडमध्ये काय होतं ते थोडक्यात. २०१२ साली ॲमेझॉनने 'डायनामोडीबी' ही सेवा आणली. तिच्यात 'मिळव' अशी आज्ञाच आहे आणि 'जागा शिल्लक असेल तरच कमी कर' अशी अटही घालता येते. गुगलच्या 'फायरस्टोर'मध्ये २०१९ पासून तसंच वाढवायचं साधन आहे. क्लाउड म्हणजे आकाशात काहीतरी पसरलेलं, असं वाटतं. पण डायनामोडीबीत तुमच्या नोंदीच्या प्रती वेगवेगळ्या इमारतींत असल्या तरी त्यांत एक प्रत पुढारी असते आणि लिहिण्याचं प्रत्येक काम तिच्याच हातून जातं. डेटाच्या एका भागाला सेकंदाला साधारण हजार लहान नोंदी, ही तिची मर्यादा. म्हणजे एवढं आकाश पालथं घालून शेवटी आपण आलो कुठे? एका लेजरापुढे बसलेल्या एका क्लार्कपाशी!

आणि एक जुनं दुखणं उरतंच. मी 'एक मिळव' म्हणून निरोप धाडला आणि उत्तरच आलं नाही. निरोप पोचला नाही, की पोचला आणि उत्तर वाटेत हरवलं? पुन्हा पाठवला तर कदाचित दोन मिळतील, नाही पाठवला तर कदाचित शून्य. यावर उपाय एकच, निरोपाला नंबर द्यायचा. 'पावती क्रमांक अमुकची बेरीज' असं सांगितलं की दुसऱ्यांदा आलेली तीच पावती ओळखता येते. २०१८ मध्ये डायनामोडीबीत आलेल्या ट्रान्झॅक्शनांना असा नंबर देता येतो, तो दहा मिनिटं लक्षात ठेवला जातो. बाबांच्या बँकेत व्हाउचरवर नंबर असे, आणि तो वर्षानुवर्षं जपला जाई.

जिम ग्रे यांचं पुढे काय झालं ते सांगायला हवं. १९९८ साली त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. २८ जानेवारी २००७ ला ते आईच्या अस्थी समुद्रात सोडायला आपली शिडाची बोट घेऊन एकटेच सॅन फ्रान्सिस्कोहून फॅरलॉन बेटांकडे निघाले आणि परत आले नाहीत. तटरक्षक दलाला काही सापडलं नाही. मग मित्रांनी उपग्रहाची छायाचित्रं मिळवली, समुद्राचे हजारो बारीक चौकोन केले आणि ते इंटरनेटवर ठेवले. जगभरातल्या हजारो अनोळखी लोकांनी घरी बसून एकेक चौकोन डोळ्यांखालून घातला. प्रत्येकाला आपला रकाना, शेवटी सगळ्यांची बेरीज. बेरीज शून्य आली. 'पूर्ण, नाहीतर मुळीच नाही' हे ज्यांनी जगाला शिकवलं, त्यांचा स्वतःचा व्यवहार पाच वर्षं अर्धवट राहिला. २०१२ मध्ये कायद्याने त्यांना मृत ठरवलं.

त्या हजारोंपैकी कुणी असं म्हणालं नसणार की माणूस एकच तर आहे, एवढ्या मोठ्या समुद्रात एक इकडे-तिकडे.

असो. फार लांबलं. माझ्यापुरतं मी एवढं ठरवलं आहे. नवं काही बांधायला घेतलं की आधी विचारायचं, यातला एक हरवला तर तो कुणाचा? वाचकांचा, पसंतीचा आकडा असेल तर फोडा, वाटा, उशिरा मोजा, काही बिघडत नाही. पण त्या एकाच्या मागे पहाटेच्या एसटीने निघालेलं माणूस असेल तर तिथे रांग लावायची, कुलूप घालायचं आणि सगळ्यांना क्षणभर थांबवायचं. कुणी म्हणालं यंत्र हळू चालतंय, तर चालू दे.

(आजींची शस्त्रक्रिया पुढच्या शिबिरात झाली. आता त्या मला फोनवर विचारतात, "तुझं ते मशीन सुधारलं का रे?")